स्वस्त हार्ड डिस्क जरूर घ्या. पण पारखून घ्या, आणि दोन घ्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार,
भोईवाडा-परळ परिसरातील सार्वजनिक उत्सव मंडळे, वाचनालये व सहकारी गृहनिर्माण संस्था



आपल्या संस्थांचे दप्तर गेल्या काही वर्षांत कपाटातून हार्ड डिस्कवर आले आहे. सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते, जमाखर्च, देणगीदारांच्या याद्या, ग्रंथालयाची दाखल नोंदवही, इमारतीचे नकाशे, उत्सवाची जुनी छायाचित्रे, सगळे एका डबीत मावते. ही डबी विकत घेण्याची पद्धत मात्र जुनीच आहे. तीन कोटेशन मागवायची, सगळ्यांत कमी दराचे मंजूर करायचे, बिल फाइलला लावायचे. पंखा किंवा खुर्च्या घेताना ही पद्धत पुरते, कारण पंखा बिघडला तर नवा लावता येतो आणि मागे काही हरवत नाही. डिस्क बिघडली तर नवी डिस्क मिळते; तिच्यातली तीस वर्षांची इतिवृत्ते मिळत नाहीत. स्वस्त डिस्क घेऊ नका, असे मला म्हणायचे नाही. संस्थेचा पैसा लोकांचा असतो आणि तो जपून खर्च करणे योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच की हातात घेतलेला एक नग किती वर्षे टिकेल हे दुकानात उभे राहून कोणीही सांगू शकत नाही, पण त्याच्या मॉडेलबद्दल, त्याच्या पूर्वेतिहासाबद्दल आणि कंपनीने लेखी दिलेल्या हमीबद्दल बरेच काही आधी कळू शकते. ते पाहूनच डिस्क घ्यावी, आणि महाग डिस्क न घेतल्याने जे पैसे वाचतील त्यांतून दुसरी घ्यावी.

आपल्या भागात कागदाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली तेव्हा पात्रता ठरली ती गिरणीतल्या नोकरीच्या पुराव्यांवर. ज्या घरांत भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, ईएसआयचे कार्ड, गिरणीचा पास जपलेला होता, त्यांच्या हातात काहीतरी होते. शेजारच्या नायगावच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होतो आहे. तिथेही भाडेकरूचा हक्क कागदावरूनच सिद्ध करावा लागतो. मंडळे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आणि गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि दोन्ही कायद्यांनी हिशेब ठेवणे बंधनकारक केले आहे. मोठ्या रुग्णालयाला किंवा बँकेला अशा नोंदी सांभाळायला स्वतंत्र संगणक विभाग ठेवता येतो. मंडळाच्या खोलीत एक संगणक, एक डिस्क आणि नोकरी सांभाळून वेळ देणारा एखादा कार्यकर्ता असतो. त्यामुळे खरेदीच्या वेळी घेतलेली काळजी हीच आपल्याकडची मुख्य सुरक्षा आहे.

पहिला गोंधळ कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरू होतो. त्यात ‘एमटीबीएफ १० लाख तास’ असा, दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाचा आकडा असतो. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे, आणि तो वाचून डिस्क नातवंडांपर्यंत पोचेल असे वाटते. या आकड्याचा अर्थ तसा नाही. वर्षाचे तास ८,७६०. त्यांना १० लाखांनी भागले तर वर्षाला सुमारे ०.८८ टक्के येतात. म्हणजे १,००० डिस्क वर्षभर चालवल्या तर अंदाजे ९ बिघडतील, एवढाच कंपनीचा दावा असतो. हा दावाही प्रत्यक्षात टिकला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ साली सुमारे १ लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास आढळले आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले. बिघाडाचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते, हेही त्यांना दिसले. म्हणून माहितीपत्रकातला हा आकडा कोटेशनच्या तुलनेत धरण्यात अर्थ नाही. जवळजवळ प्रत्येक कंपनी तो सारख्याच थाटात छापते.

दुसरा गोंधळ ब्रँडचा. ‘अमुक कंपनीची डिस्क उडते, तमुक कंपनीची दणकट असते’ असे ठामपणे सांगणारे प्रत्येक समितीत भेटतात. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा डिस्कचा व्यवसाय सीगेटने आणि हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने घेतला. तेव्हा ब्रँड पाहून निवडायला फारसे काही उरत नाही. निवड करायची ती मॉडेलची. कॅलिफोर्नियातली बॅकब्लेझ ही कंपनी लोकांचा डेटा साठवण्याचा व्यवसाय करते आणि आपल्याकडच्या डिस्क किती प्रमाणात बिघडतात ते २०१३ पासून मॉडेलनिहाय जाहीर करते. तिच्या २०१४ च्या नोंदींत सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलचे वार्षिक बिघाडाचे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्याच सीगेटच्या ४ टीबीच्या मॉडेलचे ३ टक्क्यांच्या आत. कंपनी एक, साल एक, आणि फरक दहापटींहून अधिक. तिच्या सगळ्या डिस्कचे एकत्रित प्रमाण २०२१ ते २०२४ या काळात वर्षाला १ ते १.७ टक्के राहिले. म्हणून कोटेशनवर ‘१ टीबी, सीगेट’ किंवा ‘२ टीबी, डब्ल्यूडी’ एवढेच लिहिलेले असेल तर ते परत पाठवा आणि पूर्ण मॉडेल क्रमांक मागा. तो क्रमांक नसेल तर पुढची कोणतीच चौकशी करता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बॅकब्लेझच्या डिस्क थंड खोलीत, चोवीस तास, एका जागी चालतात. आपली डिस्क पिशवीतून जाते, टेबलावरून पडते, मे महिन्यात पंख्याखाली चालते. शिवाय आपण घेतो त्या खिशात मावणाऱ्या छोट्या पोर्टेबल डिस्क त्या यादीत क्वचितच सापडतात. हे सगळे मान्य. त्या आकड्यांवरून आपल्या डिस्कचे आयुष्य काढता येणार नाही. एखादे मॉडेल उघडपणे वाईट आहे का एवढे कळते, आणि टाळायचे काय हे कळणे हीच खरेदीतली अर्धी समज आहे. त्या तुलनेत ऑनलाइन दुकानातले तारे फारच कच्चा पुरावा देतात. ते बहुतेक पहिल्या आठवड्यात दिलेले असतात आणि त्यात खोके वेळेवर आले का यालाही गुण मिळतात. तिसऱ्या वर्षी बिघडलेल्या डिस्कचा मालक तारे बदलायला परत येत नाही. ‘आमची डिस्क आठ वर्षे चालली’ हा अनुभव खरा असतो, पण तो एका नगाचा असतो. वर्षाला ५ टक्के बिघडणारे वाईट मॉडेल घेतले तरी शंभरातल्या पन्नासहून अधिक डिस्क आठ वर्षे चालतील, आणि त्यांचे मालक तितक्याच खात्रीने तिची शिफारस करतील.

मग महागातली डिस्क घेऊन प्रश्न सुटतो का? श्रोडर आणि गिब्सन यांच्या त्याच अभ्यासात महागड्या सर्व्हरच्या डिस्क आणि साध्या साटा डिस्क यांच्या बदलीच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. किमतीतला फरक बराचसा वेग, सतत चालण्याची क्षमता आणि जास्त वर्षांची हमी यांचा असतो. म्हणून डिस्क कोणत्या कामासाठी घेतो आहोत, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला पाहिजे. याचे जवळचे उदाहरण इमारतीच्या सीसीटीव्हीचे आहे. साध्या संगणकासाठीची डिस्क वर्षाला सुमारे २,४०० तास चालेल असे धरून बनवतात. काही माहितीपत्रकांत तसे स्पष्ट लिहिलेले असते. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर वर्षाचे पूर्ण ८,७६० तास लिहीत राहतो. तिथे त्याच कामासाठी बनवलेली डिस्क लागते, आणि ती थोडी महाग पडते ती सकारण. उलट, महिन्यातून दोनदा कपाटातून काढून हिशेब उतरवायचा असेल तर तसली डिस्क घेणे उधळपट्टी ठरेल. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: दोन-तीन वर्षे रेकॉर्डरमध्ये राबलेली डिस्क काढून तिच्यावर संस्थेची कागदपत्रे ठेवणे.

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट पाहायची ती लिहिण्याच्या पद्धतीची. ‘एसएमआर’ पद्धतीच्या डिस्कवर डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते, पण मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा भरून ठेवायच्या दप्तरासाठी हे चालते. सतत लिहिणे-पुसणे असेल किंवा चार डिस्क एकत्र जोडलेली पेटी असेल तर पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी ‘सीएमआर’ डिस्क मागावी. हे विचारूनच घ्यावे लागते. वेस्टर्न डिजिटलने अशा जोडणीसाठी म्हणून विकलेल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे ग्राहकांना २०२० साली कळले. कंपनीने ते आधी सांगितले नव्हते. खोक्यावर बीआयएसची खूण दिसली म्हणून निर्धास्त होणेही बरोबर नाही. ती खूण विजेच्या सुरक्षिततेची असते, टिकाऊपणाची नव्हे.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन फार कमी दर मिळाला तर पहिला प्रश्न असा हवा: हा नग खरोखर नवा आहे का? २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. त्या हजारो तास चाललेल्या होत्या, आणि किती तास चालल्या याची डिस्कमधली नेहमीची नोंद पुसून शून्य केलेली होती. ही लबाडी पकडली गेली ती कंपनीने डिस्कमध्ये वेगळ्या ठेवलेल्या दुसऱ्या नोंदीवरून. याहून ढोबळ फसवणूक म्हणजे अशक्य वाटेल इतक्या कमी किमतीत मिळणारी ‘१६ टीबी’ची चिमुकली डिस्क. आत एक लहानसे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटी क्षमता दाखवली जाते. कार्ड भरले की पुढच्या फाइली जुन्या फाइलींवर लिहिल्या जातात किंवा नाहीशा होतात. यावरचे उपाय सोपे आहेत. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असणे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे आवश्यक आहे. तो मजकूर नसेल तर माल वाकड्या वाटेने आला असावा, असे समजा. पैसे देण्याआधी अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी किती शिल्लक आहे ते पाहा. तोच अनुक्रमांक जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या. डिस्क दुकानातच जोडून, ती आजवर किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट साधनाने बघा. संस्थेत आणल्यावर ती परत करण्याची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण भरा आणि पूर्ण वाचून घ्या. सरळ व्यवहार करणारा दुकानदार या मागण्यांना नाही म्हणत नाही.

हमीबद्दल दोन्ही बाजू ध्यानात घ्यायला हव्यात. हमीचा कालावधी म्हणजे टिकाऊपणाचे मोजमाप नव्हे. २०११ च्या थायलंडमधल्या पुरानंतर डिस्कचा तुटवडा झाला आणि सीगेट व वेस्टर्न डिजिटल या दोघांनी काही मालिकांची हमी कमी केली; तो धंद्याचा निर्णय होता. तरीही ग्राहकाला लेखी मिळणारे आणि दाव्यात वापरता येणारे वचन हेच असते. म्हणून कोटेशनची तुलना किमतीवर न करता हमीच्या वर्षागणिक किमतीवर करावी. उदाहरणादाखल, तेवढ्याच क्षमतेची एक डिस्क ४,५०० रुपयांना १ वर्षाच्या हमीसह आणि दुसरी ६,००० रुपयांना ३ वर्षांच्या हमीसह मिळत असेल, तर पहिली वर्षाला ४,५०० रुपयांना पडते आणि दुसरी २,००० रुपयांना. कमी दराचे कोटेशन इथे दुपटीहून महाग ठरते. ‘वॉरंटी आहे ना, मग काळजी कसली’ असे मात्र कोणी म्हणू नये. हमीत डिस्क बदलून मिळते, आतला मजकूर नाही. तो काढून देणाऱ्यांचे दर डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतात, आणि अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी मुख्य सर्किटवरच असल्याने ते काम आणखी अवघड होते.

‘बिघडायच्या आधी संगणक सूचना देतोच’ हाही एक आधार सांगितला जातो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट होती. तेव्हा अशी सूचना मिळाली तर त्याच दिवशी प्रत काढा. पण त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये डिस्क स्वतः नोंदवते त्या महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे सूचना आली तर खरी मानावी. आली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आता मुख्य मुद्द्याचे गणित. एक उत्तम डिस्क घेतली आणि ती वर्षाला १ टक्का बिघडते असे धरले, तर तिच्यावरचे दप्तर जाण्याची शक्यता १०,००० मध्ये १०० होते. तिच्याऐवजी साध्या दोन घेतल्या, प्रत्येकीचे प्रमाण २ टक्के धरले आणि दोन्हींवर तेच दप्तर ठेवले, तर दोन्ही एकाच वर्षात जाण्याची शक्यता १०,००० मध्ये ४ उरते. प्रत्येकीचे प्रमाण ५ टक्के धरले तरी ती २५ येते. एका उत्तम डिस्कपेक्षा चौपट सुरक्षित. या हिशेबाला एक अट आहे: दोन डिस्क एकाच कारणाने एकदम जाता कामा नयेत. म्हणून दोन्ही वेगळ्या मॉडेलच्या असाव्यात, एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतलेल्या नसाव्यात, आणि एकाच कपाटात तर मुळीच ठेवू नयेत. हिंदमाता आपल्यापासून किती जवळ आहे आणि पावसाळ्यात तिथे किती पाणी तुंबते, हे इथे राहणाऱ्याला माहीत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईतल्या तळमजल्यावरच्या किती दप्तरांचा लगदा झाला याची गणती नाही. संस्थेचे कार्यालय तळमजल्यावर असेल तर दुसरी डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या इमारतीत राहावी. कामाच्या दिवशी दोन्ही एकदम संगणकाला लावू नयेत, म्हणजे व्हायरस आला किंवा कोणाच्या हातून चुकून पुसले गेले तरी एक शाबूत राहील.

‘हे सगळे कशाला, क्लाउडवर ठेवा’ असे तरुण सभासद म्हणतील. तिसरी प्रत म्हणून मी त्यांच्याशी सहमत आहे. मात्र क्लाउडचे खाते बहुधा कोणा एकाच्या मोबाइल क्रमांकावर असते, भाडे दरवर्षी भरावे लागते, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्ड कोणाकडे आहे याचा शोध सुरू होतो. संस्थेच्या नावाचे खाते आणि दोन पदाधिकाऱ्यांकडे त्याचा ताबा, एवढे केल्याशिवाय त्यावर विसंबू नये. कोणी हार्ड डिस्कऐवजी फिरती चकती नसलेली एसएसडी सुचवेल. ती आदळल्याने सहसा बिघडत नाही, हा तिचा गुण आहे. पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला ती योग्य नाही, आणि स्वस्त एसएसडीच्या बाजारात बनावट माल जास्त आहे. खर्चाचा आक्षेप राहिला. दुसऱ्या डिस्कचा खर्च काही हजारांचा आहे आणि तो चार-पाच वर्षांतून एकदा येतो. उत्सवाच्या किंवा देखभालीच्या वार्षिक अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी लहान आहे.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे. येत्या कार्यकारिणीच्या सभेत असा ठराव करा: यापुढे डिस्कच्या कोटेशनवर पूर्ण मॉडेल क्रमांक, कामाचा प्रकार, भारतातल्या हमीची वर्षे आणि हमीच्या वर्षागणिक किंमत लिहिलेली असेल, बिलावर अनुक्रमांक असेल, दप्तराच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतींत राहतील, वर्षातून दोनदा दोन्ही उघडून पाहिल्या जातील आणि पाच वर्षांनी डिस्क चालू असली तरी बदलली जाईल. दुकानदाराने फसवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बिल आणि अनुक्रमांक हाताशी असले तर तक्रारीला बळ येते. पदाधिकारी दर काही वर्षांनी बदलतात, दप्तर मात्र पुढच्या पिढीच्या हक्कांसाठी लागते. आज ज्यांच्याकडे एकच प्रत आहे, त्यांनी ठरावाचीही वाट पाहू नये. दुसरी प्रत या आठवड्यातच काढून घ्यावी.

आपला,
भोईवाड्यातील एक रहिवासी